जुनी गाडी वेगळी, क्लासिक वेगळी

अंबडकडच्या एका भावानं विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडं वडिलांची १९८८ ची बजाज चेतक आहे, वडील आता नाहीत, गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात बरीच वर्षं उभी आहे. दुसरी २००१ ची स्प्लेंडर, ती अजून रोज शेतात जाते-येते. भंगारवाला चेतकचा वजनावर भाव सांगून गेलाय. मेव्हणे म्हणायलेत देऊन टाका, खरी क्लासिक तर स्प्लेंडर, आजही शोरूममधून विकायली. आणि पुण्यात शिकणारा पोरगा म्हणतो अजिबात देऊ नका, चेतक आता क्लासिक झालीय. तर प्रश्न असा की गाडी क्लासिक आहे का नुसती म्हातारी झालीय हे कशावरून ठरतं आणि ठरवतं कोण.

मी संभाजीनगरात जुन्या दुचाक्यांची इंजिनं बांधतो, शाळा सुटल्यापासून हेच काम, आधी चेलीपुऱ्यात एका उस्तादांच्या हाताखाली आणि नंतर स्वतःचं गॅरेज. त्यामुळं माझं उत्तर पान्यातून आलेलं आहे, पुस्तकातलं नाही, पटलं तर घ्या.

आधी वयाचं काढून टाकू कारण सगळे तिथंच अडकतात. सरकारचा हिशोब सोपा आहे. २०२१ साली केंद्रानं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी नाहीतर चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली, ती व्हिंटेज. तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नोंदणीला २० हजार फी, मुदत दहा वर्षं, नंतर परत करायला ५ हजार. आणि ती रोज भाजी आणायला चालवायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्याच कामाला रस्त्यावर काढायची. दुसरी एक फिवा म्हणून जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना आहे, त्यांच्यात किमान ३० वर्षं, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरातली नसलेली असा नियम. म्हणजे तुमची चेतक सरकारच्या हिशोबात अजून लहान आहे आणि फिवाच्या हिशोबात वयात आलीय.

पण नुसत्या वयावर गेलं तर आपल्याकडं गावोगावी क्लासिकचा बाजार भरला असता. कोणत्याही तालुक्याच्या गावात जा, तीस वर्षांची एखादी मोपेड विहिरीच्या कडेला पडलेली असतेच, निम्मी मातीत आणि निम्मी वेलाखाली. ती क्लासिक नाही, ती पडलेली आहे.

कंपनीनं म्हटलं म्हणूनही होत नाही. रॉयल एनफिल्डनं तर नवीन मॉडेलचं नावच क्लासिक ठेवलं, जावा २०१८ ला परत आणली त्या कंपनीच्या नावातही क्लासिक आहे. गाड्या चांगल्या असतील, मी वाईट म्हणत नाही, पण शोरूममधून निघाल्या दिवशीच क्लासिक म्हणजे पाळण्यातल्या पोराचं नाव आजोबा ठेवल्यासारखं झालं.

आता माझं म्हणणं. गाडी नवी असते तेव्हा तिला नवेपणाची किंमत असते. मग दहा-पंधरा वर्षांनी एक काळ येतो जेव्हा तिला कुत्रं विचारत नाही, नवं मॉडेल आलेलं असतं, जास्त मायलेज, सेल्फ स्टार्ट, घरातल्या पोरांना जुनीवर बसून कॉलेजला जायची लाज वाटते, आरसीची मुदत संपत आलेली असते आणि गॅरेजवाला सुद्धा म्हणतो की आता हिच्यात पैसे घालू नका. याला मी भंगाराचा काळ म्हणतो. क्लासिक ठरतं ते इथं. पुढं जी किंमत वाढते, फोटो निघतात, लोक थांबवून विचारतात, ती सगळी पावती असते, ठरलेलं आधीच असतं. ज्या काळात गाडीची किंमत शून्य होती त्या काळात ती कोणाला तरी ठेवावीशी वाटली का, आणि ठेवायची म्हटलं तर ठेवता आली का, एवढ्या दोन गोष्टी बघायच्या. दोन्ही पाहिजेत. नुसतं वाटून भागत नाही आणि नुसतं जमूनही भागत नाही.

आणि मराठवाड्यात हा काळ जरा जास्तच कडक, कारण जालना जवळ आहे. जालन्यात भंगार वितळवून सळई करायचे कारखाने, त्या भट्ट्यांचं पोट काही भरत नाही, त्यामुळं चहूबाजूच्या जिल्ह्यांतलं भंगार तिकडं ओढलं जातं. आपल्याकडच्या किती राजदूत मोटरसायकली आणि किती प्रिया स्कूटर आज कोणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसल्या असतील देव जाणे. जी गाडी त्या भट्टीपासून वाचली तिला कोणीतरी मुद्दाम वाचवलेलं असतं, आपोआप वाचत नाही.

आरएक्स १०० घ्या, सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. यामाहा आणि एस्कॉर्ट्सनं १९८५ ला आणली, १९९६ ला बंद झाली कारण धुराचे नियम कडक झाले आणि टू स्ट्रोकला, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या इंजिनाला, त्यात बसणं अवघड होतं. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे आज ऐकायला किरकोळ वाटतात, पण हलक्या अंगाला तेवढी ताकद म्हणजे काय ते बसलेल्यालाच कळतं, दुसऱ्या गिअरला नुसतं मनगट फिरवलं की पुढचं चाक हलकं होतं. पण बंद झाल्यानंतरची वर्षं आठवा की. पेट्रोल महाग व्हायला लागलेलं, समोर हिरो होंडाचं मायलेज, आणि वर ही गाडी साखळी चोरांची म्हणून बदनाम. त्या काळात आमच्याकडं आरएक्स विकायला आली तर घ्यायला गिऱ्हाईक नसायचं, इंजिन काढून घेऊन बाकीची भंगारात घालणारे लोक मी बघितलेत. तरी पण काही येड्यांनी ती सोडली नाही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की पुढं हिचे लाखाच्या वर भाव जाणार आहेत. त्यांना फक्त तो आवाज आणि ते पिकअप दुसरीकडं मिळत नव्हतं. माझ्या अनुभवात क्लासिकचा पहिला पुरावा हाच, की बदली मिळत नाही. मायलेजची गाडी गेली तर जास्त मायलेजची येते, आरएक्स गेली तर तिच्या जागी काही येत नाही.

उलट्या बाजूनं राजदूत ३५० बघा. १९८३ ला आली, यामाहाच्या आरडी ३५० वरून केलेली, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, पहिल्या हाय टॉर्क मॉडेलला तीसच्या वर हॉर्सपॉवर, आणि पुढं डिस्क ब्रेक काढून ड्रम दिलेला, म्हणजे पळायची सोय जपानी आणि थांबायची रामभरोसे. पोरांनी आरडीचा अर्थ रॅपिड डेथ असा लावला तो उगीच नाही. पेट्रोल प्यायची, पार्ट महाग, मोजक्याच लोकांनी घेतली आणि १९९० च्या सुमारास बंद. बाजारात पूर्ण आपटलेली गाडी. आज विचारा तिचा भाव. म्हणजे खप जास्त म्हणून क्लासिक हेही खरं नाही. जास्त खप झाला तर एक फायदा असतो, पार्ट उरतात, एवढंच.

आता काळीपिवळी. हे उदाहरण मला फार डाचतं म्हणून सांगतो. मराठवाड्यातल्या वाडीवस्तीवरच्या दोन पिढ्या ज्यात बसून बाजारला, दवाखान्याला आणि लग्नाला गेल्या ती काळीपिवळी जीप, मागं लटकलेली माणसं, टपावर शेळी, ड्रायव्हर अर्धा बाहेर. कामाच्या हिशोबानं बघितलं तर आपल्या भागातली हिच्याइतकी महत्त्वाची गाडी नाही, एसटी सोडून. पण ती कोणी ठेवली नाही. धंद्याची गाडी, पिळून पिळून वापरली, एकात दुसरीचं इंजिन, दुसरीत तिसरीचा गिअरबॉक्स, आणि शेवटी कापली. आज धड मूळ अवस्थेतली जुनी काळीपिवळी शोधायला निघालात तर चपला झिजतील. लष्करातून निघालेल्या जिपा लोकांनी जपल्या, रंगरंगोटी करून रॅलीत आणल्या, काळीपिवळी नाही जपली. का, तर तिच्यावर कोणाचं नाव नव्हतं. ती सगळ्यांची होती, म्हणून कोणाचीच नव्हती. म्हणून सांगतो, वस्तू कितीही मोठी असूद्या, मधल्या काळात धरून ठेवणारा एक माणूस लागतो.

चेतकला तो माणूस घरोघर मिळाला, बहुतेक वेळा वडील. चेतक आली १९७२ ला, आपल्याकडं ते साल दुष्काळासाठी लक्षात आहे, स्कूटरसाठी नाही. इटलीच्या व्हेस्पा स्प्रिंटवरून घेतलेला आराखडा, नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. मग बुकिंगचा जमाना, पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, आणि नंबर लागला की काही लोक गाडी न वापरता वरचे पैसे घेऊन तिथंच विकायचे. गुरुजी, तलाठी, बँकेतले साहेब, मोंढ्यातले आडते, सगळे चेतकवर. पुढं उभं राहिलेलं पोरगं, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं, डिक्कीत डबा आणि स्टेपनी. इंजिन उजव्या बाजूला असल्यानं गाडी एका अंगाला जड, त्याची सवय व्हायला वेळ लागायचा. सकाळी गाडी कलती करून मग किक मारायची हे तर लोकांच्या अंगात इतकं भिनलं होतं की पहिल्या किकला सुरू होणारी गाडी पण कलती करायचे.

बजाजचा आणि आपला संबंध वेगळाच. चेतक मूळ पुण्याकडच्या आकुर्डीची, पण १९८५ ला इथं संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि या शहराची तऱ्हाच बदलली. त्यांना पार्ट पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या आल्या, लेथवर काम करणारी, डाय बनवणारी, प्लेटिंग करणारी पोरं तयार झाली. हे मी अभिमान म्हणून सांगत नाही (थोडा आहे), तर दुसऱ्या मुद्द्यासाठी सांगतोय, म्हणजे ठेवता आली का.

एखादी गाडी ठेवावीशी वाटली तरी इंजिन जाम झाल्यावर तुम्ही काय करणार? जुन्या टू स्ट्रोकमध्ये याला उत्तर आहे. सिलिंडर झिजला तर बोअर मारायचा, म्हणजे आतून कापून जरा मोठा करायचा, पंचवीस साईज पिस्टन टाकायचा, परत झिजला की पन्नास, मग पंच्याहत्तर, मग शंभर, म्हणजे पाव मिलिमीटरच्या पायरीनं एक मिलिमीटरपर्यंत. तेही संपलं तर सिलिंडरमध्ये नवीन स्लीव्ह ठोकायची आणि परत पहिल्यापासून सुरू. क्रँकची पिन आणि कनेक्टिंग रॉड बदलता येतात. मॅग्नेटची कॉइल जळाली तर तांब्याची तार गुंडाळून देणारा माणूस अजून सापडतो. पॉइंट घासायचा, कंडेन्सर बदलायचा, कार्बोरेटरचं जेट फुंकायचं. म्हणजे कंपनी बंद झाली, डीलर मेला, पुस्तक हरवलं तरी एक लेथवाला, एक मिस्त्री आणि एक चिकाटीचा मालक एवढ्यावर गाडी चालू राहते. माझे उस्ताद इंजिन उघडायच्या आधी नुसता कान लावून सांगायचे की बेअरिंग गेलंय का पिस्टन वाजतोय. ते ज्ञान लिहिलेलं कुठंच नाही, एका हातातून दुसऱ्या हातात आलंय. गाडीबरोबर तिचा मिस्त्री पण टिकावा लागतो हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आता आजच्या गाड्या. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस सिक्स नियम आले, त्याबरोबर फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. गाड्या छान आहेत, धूर कमी, सकाळी त्रास नाही, माझा पोरगा तसलीच चालवतो. पण वीस वर्षांनी तिचा ईसीयू गेला आणि कंपनीनं तो बनवणं बंद केलेलं असलं तर लेथवर तो घडवता येणार नाही. म्हणून मला वाटतं यातल्या बऱ्याच गाड्या भंगाराचा काळ पार करणार नाहीत, लोकांचं प्रेम असूनही. अर्थात छातीठोक नाही सांगत, आत्ताच काही पोरं लॅपटॉप लावून ईसीयू उघडायलेत, त्यांच्यातून उद्याचे उस्ताद निघाले तर माझं म्हणणं खोटं पडेल आणि मला आनंदच होईल.

बुलेटबद्दल कोणीतरी विचारणारच, की ती तर कधी बंदच पडली नाही, मग तिचा भंगाराचा काळ कुठला. उत्पादन बंद पडलं नाही हे खरं, १९५५ पासून मद्रासला सुरू आहे, आणि इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या आसपास संपली तरी इथली चालू राहिली. पण नव्वदच्या दशकातली बुलेटची पत आठवा, पोलीस, मिलिटरी आणि दूधवाले, बाकी कोण घेत होतं? तेल गळणारी, किक उलटी मारणारी, गिअर उजव्या पायात. तेव्हा ज्यांनी ठेवली त्यांनी अँपिअरचा काटा मध्यावर आणून किक मारायचं कसब पण ठेवलं. म्हणजे भंगाराचा काळ कारखान्यात येतो असं नाही, लोकांच्या नजरेत येतो.

जरा बाजूला जाऊन पैठणचं एक सांगतो, गाड्यांचं नाही पण विषय हाच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढं तीनेकशे वर्षं हातानं नकला होत राहिल्या, त्यात शब्द बदलले, कोणी कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसवल्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ तपासून शुद्ध प्रत तयार केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद पण देऊन ठेवली. विचार करा, स्वतः एवढे मोठे कवी, त्यांना काय चार ओव्या जोडणं अवघड होतं? जोडल्या नाहीत. मी बजाजच्या स्कूटरची तुलना ज्ञानेश्वरीशी करायलो असं कोणी म्हणू नका, पण जुनं काम हातात घेणाऱ्याला शिस्त तीच लागते. झिजलेलं काढ, मूळचं बसव, आपली ओवी घालू नको.

आणि इथं मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं गिऱ्हाईकाशी. जुनी गाडी आणतात आणि म्हणतात मिस्त्री, हिला अलॉय टाका, एलईडी टाका, मॅट काळा मारा, सायलेन्सरची जाळी काढा म्हणजे आवाज फुटेल. मी म्हणतो भाऊ, मग नवीन का नाही घेत. जाळी काढली की आवाज वाढतो पण टू स्ट्रोकचं बॅकप्रेशर बिघडून खालचं पिकअप जातं, वर ट्रॅफिकवाला पावती फाडतो ती वेगळीच. गाडीवरचा मूळ रंग फिका पडलेला असला, ओरखडे असले तरी गंज धरलेला नसेल तर तो राहू द्या, माझ्या लेखी तो कोऱ्या पेंटपेक्षा महाग आहे. रंग कधीही मारता येतो, कंपनीचा मूळ रंग परत मिळत नाही. हे मात्र मान्य, की सगळंच मूळ ठेवायचा हट्ट पण चालत नाही. टायर, केबल, ब्रेक लायनर, ऑइल सील हे झिजायलाच केलेले असतात, ते नवेच टाकायचे. चाळीस वर्षांचं मूळ टायर घालून रस्त्यावर निघणाऱ्याला मी शौकीन म्हणत नाही.

स्प्लेंडरचं राहिलं. मेव्हण्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर स्ट्रोक, कमी पेट्रोल, कमी कटकट हे गणित तिनं घरोघर नेलं, १९९४ ला स्प्लेंडर आली आणि तेच पुढं चाललं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मोटरसायकल परवडायला लागली ती या इंजिनामुळं, आरएक्समुळं नाही. महत्त्वाच्या हिशोबानं सीडी १०० चा नंबर फार वर लागायला पाहिजे. पण मायलेज देणाऱ्या गाडीचं स्टेटस कोणी ठेवत नाही, शहाण्या गाडीचं असंच असतं. तुमची स्प्लेंडर मात्र अजून कामावर आहे. ती विकली जाते, तिचे पार्ट किराणा दुकानात मिळतील इतके पसरलेत. तिचा भंगाराचा काळ अजून यायचाय, तो आल्यावर कोण धरून ठेवतं त्यावर ठरेल. आज तिला क्लासिक म्हणणं घाईचं आहे. तिचं ऑइल वेळेवर बदला, मूळ टाकी, साईड पॅनल बदलू नका, शोरूमचं बिल आणि मॅन्युअल घरात असेल तर पिशवीत घालून ठेवा, एवढं आत्ता पुरे.

चेतक ठेवा, हे माझं स्पष्ट मत. वडिलांनी मधल्या काळात ती विकली नाही, म्हणजे अवघड काम त्यांनी करून ठेवलंय. पण ठेवायची म्हणजे नुसती उभी ठेवायची नाही. पहिलं, फ्लोअर बघा. चेतकला मोटरसायकलसारखी वेगळी फ्रेम नसते, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आहे, आणि गोठ्याशेजारी उभी म्हटल्यावर मला भीती तीच आहे, ओल आणि शेण-मुताची वाफ पत्रा खाते. मॅट उचला, पाय ठेवायची जागा आणि खालून ब्रेक पेडलच्या भोवतीचा पत्रा पेचकसच्या मुठीनं ठोकून बघा. खणखण वाजला तर नशीबवान आहात, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पत्र्याचं काम निघेल, तेही होतं, पण करणारा जाणता पाहिजे, वरून लांबी (पुट्टी) फासून देणारा नको.

दुसरं, हौसेनं लगेच किक मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून थोडं टू टी ऑइल (टू स्ट्रोकचं ऑइल) सोडा, रात्रभर राहू द्या, मग प्लग न लावता किक हातानं हळू दाबून इंजिन फिरतं का बघा. अडकलं तर जोर लावायचा नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून द्या, टाकी आतून गंजलेली असणार, ती साफ झाल्याशिवाय कार्बोरेटर धुऊन उपयोग नाही, कचरा परत खाली येतो. इंजिन फिरलं तरी क्रँकचे दोन्ही ऑइल सील बदलाच. टू स्ट्रोकमध्ये सील कडक होऊन हवा ओढायला लागला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, लोक म्हणतात मिस्त्रीनं काम नीट केलं नाही. आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवायचं.

भंगारवाल्याला पण एकदम तोडू नका, त्याच्याकडं चेतकचं साईडचं झाकण, स्टेपनीची रिंग, हेडलाईटची कडी आहे का विचारून ठेवा. वजनाच्या भावात मूळ पार्ट मिळायचं ते एकच ठिकाण राहिलंय.

कागदाचं बघा. आरसी पुस्तकावरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर गाडीवरच्याशी जुळतो का आधी तपासा, मूळ इंजिन असेल तर किंमत वेगळी. १९८८ ची म्हणजे पंधरा वर्षांची पहिली मुदत २००३ ला संपली, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालेलं आहे का बघा. नसेल तर दंड आणि पर्यावरण कर भरून होतं. वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस म्हणून नावावर करायला फॉर्म ३१, मग नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, आणि गाडी आरटीओला दाखवावी लागते म्हणून ब्रेक, लाईट, हॉर्न आधी करून घ्या. कागद नसलेली गाडी कितीही सुंदर बांधली तरी ती अंगणातच फिरणार, त्यामुळं पेंटवर खर्च करायच्या आधी हे उरका.

इंजिन बांधून झाल्यावर सुरुवातीला पेट्रोलमध्ये ऑइल दोन टक्क्यांपेक्षा जरा जास्त ठेवा, लिटरला पंचवीस-तीस मिली, थोडा धूर निघाला तर निघू द्या. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, डबलसीट घाट चढायचा नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी अंबडहून जालन्याला जायचं झालं तर मधे एकदा थांबून इंजिन गार होऊ द्या, नवीन बोअरला आपलं ऊन सोसत नाही.